कूपन की ॲक्सेस कोड? ब्लाउजच्या ऑनलाइन कोर्ससाठी दोन्ही वापरून बघितले, त्याचा रिव्ह्यू

मी जळगावात घरीच शिवणक्लास घ्यायचे, बारा वर्षं घेतला. लॉकडाउनमध्ये क्लास बंद पडला तेव्हा मोबाइलवर शूटिंग करायला शिकले आणि पुढे हळूहळू रीतसर ऑनलाइन कोर्स काढला. ३८ व्हिडिओ आहेत, साधा ब्लाउज, कटोरी, प्रिन्सेस कट, बोटनेक आणि शेवटी आरी वर्कची तोंडओळख. किंमत १५०० रुपये, एक वर्ष बघता येतो. कोर्स विकायला एका कंपनीचं ॲप वर्षाच्या प्लॅनवर घेतलंय, आणि त्यात विक्रीसाठी दोन सोयी आहेत, एक डिस्काउंट कूपन, म्हणजे किंमत कमी करायचं, आणि दुसरी ॲक्सेस कोड, म्हणजे कोर्स उघडायचा नंबर. या दोन्हींचा हा रिव्ह्यू, कारण आमच्या क्लासवाल्या बायकांच्या ग्रुपमध्ये रोज कोणी ना कोणी विचारतंच की ताई कूपन बनवू का कोड बनवू, दोन्ही सारखंच ना. नाही, सारखं नाही, आणि मी सारखं समजले म्हणून मला नुकसान झालं. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण बाकीच्या ॲपमध्येही थोड्याफार फरकाने हेच सापडेल.

आधी कूपनचं चांगलं सांगते, कारण चांगलं खूप आहे.

मागच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पहिलं मोठं कूपन काढलं. आपल्याकडे आखाजीला लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, आठ-दहा दिवस जरा मोकळ्या असतात आणि हातात मोबाइल असतो, म्हणून मी ठरवलं की सूट द्यायची तर तेव्हाच, दिवाळीत तर सगळेच देतात आणि दिवाळीच्या आधी शिवणाऱ्या बाईला मान वर करायला फुरसत नसते. २० टक्के सूट, म्हणजे १२०० रुपये, नऊ दिवसांची मुदत, आणि जास्तीत जास्त १०० जणींना. कोर्सच्या पानावर कूपन टाकलं की किंमत तिथल्या तिथे कमी दिसते, बाई यूपीआयने पैसे भरते, लगेच कोर्स उघडतो, मला काहीच करावं लागत नाही. ६४ जणींनी घेतला. गेटवेवाले, म्हणजे ऑनलाइन पैसे गोळा करून देणारी कंपनी, २ टक्के घेतात आणि त्या २ टक्क्यांवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १२०० मागे साधारण २८ रुपये जातात, बाकी दोन दिवसांत खात्यात. एका आठवड्यात इतके पैसे मी ऑफलाइन क्लासमध्ये कधी बघितले नव्हते.

कूपनचा दुसरा उपयोग मला नंतर कळला आणि तो मला सवलतीपेक्षा मोठा वाटतो. धुळ्याच्या एका ब्युटी पार्लरवाल्या ताईंना त्यांच्या गावाच्या नावाचं कूपन दिलं, अमळनेरला माझी मावसबहीण आहे तिला वेगळं, शहाद्याच्या एका जुन्या विद्यार्थिनीला वेगळं. तिघींची सूट सारखीच, १५० रुपये. पण महिन्याच्या शेवटी रिपोर्ट उघडला की सरळ दिसतं कोणत्या कूपनवर किती जणी आल्या, आणि त्याप्रमाणे मी त्यांना कमिशन देते, वाद नाही, वही नाही. ऑनलाइन कोर्स विकणाऱ्या युडेमीसारख्या मोठ्या ठिकाणीसुद्धा हेच तत्त्व आहे, शिकवणाऱ्याने स्वतःच्या कूपनने गिऱ्हाईक आणलं तर त्याला ९७ टक्के मिळतात, म्हणजे गिऱ्हाईक कोणी आणलं याची खूण म्हणून कूपन वापरतात.

आता त्रास. पैसे भरायच्या पानावर जो कूपनचा रिकामा चौकोन असतो ना, तो बघूनच निम्म्या बायका थांबतात. पूर्ण किंमत भरायला तयार असलेली बाई तो चौकोन बघते आणि मला व्हॉट्सॲप करते, ताई कूपन आहे का. मी कामात असले, दोन तासांनी उत्तर दिलं, तोवर तिचं मन निघून गेलेलं असतं. मी तो चौकोन सेटिंगमधून लपवला आणि आता कूपन आधीच लावलेली लिंक पाठवते, तेव्हापासून हे कमी झालं. आणि दुसरं असं की आखाजीच्या दोन दिवस आधी पाच जणींनी १५०० भरले होते, त्यांनी सवलतीची पोस्ट बघितली, त्यातल्या एकीने फोन केला आणि भांडली नाही काही नाही, नुसतं म्हणाली, ताई आम्ही आधी विश्वास ठेवला म्हणून आम्हाला महाग का? मला रात्रभर झोप नाही आली. सकाळी पाचही जणींना ३०० रुपये परत केले. तेव्हापासून नियमच केलाय, सूट सुरू व्हायच्या आधीच्या सात दिवसांत ज्यांनी घेतला त्यांना फरक परत.

हे सगळं चालून जातं. खरी चूक झाली ती बचत गटाच्या वेळी.

पारोळा तालुक्यातल्या एका गावातल्या महिला गटाने ४० बायकांसाठी कोर्स घ्यायचं ठरवलं, ९०० रुपयांप्रमाणे ३६००० रुपये, गटाच्या खात्यातून एकदम एनईएफटी. मला इतका आनंद झाला, आणि गेटवेमध्ये न जाता पैसे सरळ आल्यामुळे साडेआठशे रुपये चार्जही वाचला. आता ४० जणींना कोर्स उघडून कसा द्यायचा म्हणून ॲपच्या माणसाला फोन केला तर तो म्हणाला, मॅडम १०० टक्क्यांचं कूपन बनवा आणि ग्रुपवर टाकून द्या, दोन मिनिटांचं काम. मी बनवलं. किती वेळा वापरायचं हा रकाना रिकामा राहिला माझ्याकडून. रिकामा म्हणजे कितीही वेळा. वेबसाइटवर दुकान चालवायला वूकॉमर्स वापरतात त्यातही असंच असतं, एकूण किती वेळा आणि एका माणसाने किती वेळा असे दोन रकाने असतात आणि दोन्ही रिकामे सोडले की दार सताड उघडं.

पण दार उघडं असूनही आमच्या बायका आत येत नव्हत्या, हे मला आधी समजलंच नाही. दोन दिवसांत फक्त ११ जणी आल्या. म्हणून मी स्वतः गावात गेले. गटाच्या अध्यक्षा मावशींच्या ओट्यावर बसलो, एका वहिनीने माझ्यासमोर लिंक उघडली. कोर्सचं पान, खाली विकत घ्या असं बटण, दाबलं की १५०० रुपये, कूपन टाकलं की १५०० वर आडवी रेघ आणि खाली शून्य रुपये, आणि त्याखाली परत पैसे भरा असं हिरवं बटण, ईमेल टाका, पत्ता टाका. तिने अंगठा त्या बटणाच्या वर नेला आणि तसाच धरून ठेवला. मला म्हणे, ताई, पैसा तर गटनी भरेल शेतस ना, मग हाई परत पैसा भरा का म्हणस? तिच्या मालकांनी मोबाइल घेतला, बँकेचा मेसेज आलाय का बघितलं, आणि मोबाइल बाजूला ठेवून दिला. तिचं काही चुकलं नव्हतं हो. ज्या बाईसाठी पैसे आधीच भरलेत तिला आपण दुकानाच्या गल्ल्यासमोर उभं करत होतो.

मला तिथे ओट्यावर बसल्या-बसल्या समजलं की कूपन हे पैसे देणाऱ्यासाठी आहे आणि कोड हा शिकणाऱ्यासाठी, आणि जोपर्यंत देणारी आणि शिकणारी एकच बाई आहे तोपर्यंत आपल्याला फरक जाणवत नाही.

तोपर्यंत तिकडे कूपन फुटलं होतं. कोणीतरी ते टेलिग्रामवर फुकट कोर्सच्या चॅनलमध्ये टाकलं. सकाळी उठून बघते तर २१२ ऑर्डर, सगळ्या शून्य रुपयांच्या, त्यातल्या आमच्या ११. माझ्या प्लॅनमध्ये ३०० विद्यार्थिनी बसतात, आधीच्या १८० होत्या, म्हणजे ३९२ झाल्या, आणि वरच्या ९२ जणींचे माणशी २५ रुपये प्लस जीएसटी असं २७१४ रुपयांचं बिल मला आलं. मी कंपनीला सांगितलं की ही माझी गिऱ्हाइकं नाहीत, ते म्हणाले कूपन तुमचंच होतं. नियमाने बरोबरच म्हणाले, पण १०० टक्क्यांचं कूपन बनवताना मर्यादा टाकली नाही तर स्क्रीनवर एक लाल ओळ तरी यायला पाहिजे होती. तेवढं साधं काम त्यांनी केलेलं नाही.

त्या २०१ जणींना मी लगेच काढलं नाही. सगळ्यांना मेसेज केला की हे कूपन एका गटाचं होतं, तुम्हाला खरंच शिकायचं असेल तर मला उत्तर द्या. २६ जणींनी उत्तर दिलं. एक परभणीची मुलगी होती, तिने दोन दिवसांत सात व्हिडिओ बघून मुंढ्याचा आकार कागदावर कापून फोटो पाठवला, गोलाई अगदी बरोबर. त्या २६ जणींना महिनाभर तसंच राहू दिलं आणि त्यातल्या आठ जणींनी नंतर १२०० भरून कोर्स घेतला. बाकीच्यांनी एकही व्हिडिओ उघडला नव्हता, त्यांना काढून टाकलं.

मग उरलेल्या २९ बायकांसाठी ॲक्सेस कोड बनवले, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात. कोड म्हणजे पूर्वी मोबाइलच्या रिचार्जचं खरवडायचं कार्ड यायचं ना, अगदी तसं. पैसे आधीच झालेले असतात, प्रत्येकीचा नंबर वेगळा, एकदा वापरला की संपला. किंमत दिसत नाही, पैसे भरा असं बटण नाही, मोबाइल नंबर टाका, ओटीपी टाका, कोड टाका आणि कोर्स सुरू. बिलही एकच, गटाच्या नावाने, ४० प्रती, ३६००० रुपये. गटाच्या सचिव ताईंना हिशोबात लावायला तेच पाहिजे होतं, कूपनच्या वेळी प्रत्येक बाईच्या नावाने शून्य रुपयाची वेगळी पावती निघत होती आणि त्या मला विचारत होत्या की आम्ही ३६००० दिले त्याचा कागद कुठे आहे.

पण कोडचाही एक दोष लगेच दिसला. ॲप आपोआप जो कोड बनवतं त्यात इंग्रजी अक्षरं आणि आकडे मिसळलेले, बारा अक्षरी. मी प्रिंट काढून पट्ट्या कापून वाटल्या. संध्याकाळपासून फोन सुरू, ताई, हाऊ कोड चाली नही राहिना, तीन येळ टाकी दिना. मी फोनवर एकेक अक्षर वाचायला लावलं तर ओ आणि शून्य यात घोळ, आय आणि एक यात घोळ, आणि पाच वेळा चुकलं की ॲप अर्धा तास बंद करतं. त्या अर्ध्या तासात बाई मोबाइल ठेवून स्वयंपाकाला निघून जाते आणि परत येत नाही. माझ्या भाच्याने यावर उपाय काढला. ॲपमध्ये स्वतःच्या कोडची यादी चढवायची सोय होती, कुठेतरी आत लपलेली, त्याने एक्सेलमध्ये नुसत्या आकड्यांचे आठ अंकी कोड बनवून दिले, चार आणि चार असे तोडून छापायचे. फोनवर सांगायला सोपं, अठ्ठेचाळीस सत्तावीस, एकतीस पंच्याण्णव. मी म्हटलं कोणी अंदाजाने टाकून घुसलं तर, तो म्हणाला मावशी, आठ अंकांचे दहा कोटी नंबर होतात आणि तुझे कोड २९, पाच चुकांनंतर ॲप बंद होतं तेच इथे कामाला येतं.

हाच भाचा इंजिनिअरिंगला आहे, तो सांगत होता की कॉलेजमध्ये ऑनलाइन अभ्यासासाठी मूडल वापरतात त्यातही एनरोलमेंट की, म्हणजे कोर्समध्ये शिरायची किल्ली, असते, पण ती सगळ्या वर्गाला एकच, कॉलेजमध्ये नाव-गाव माहीत असतं म्हणून चालतं. विकायच्या कोर्सला तसली एकच किल्ली सगळ्यांना देऊ नका, ती फुटायला कूपनइतकाच वेळ लागतो. प्रत्येकीला वेगळा कोड म्हणजेच खरा ॲक्सेस कोड.

आता कोडची जी गोष्ट मला सगळ्यात आवडली ती सांगते. यादीत प्रत्येक कोडसमोर दिसतं, वापरला की नाही. दिवाळीच्या आधी बघितलं तर २९ पैकी २० वापरलेले, ९ तसेच. मी वाटताना वहीत कोडसमोर नाव लिहून ठेवलं होतं म्हणून मला कळत होतं त्या नऊ जणी कोण. एकेकीला फोन केला. कोड दिले तेव्हा श्रावणातल्या कानबाईच्या सणाची तयारी चाललेली, घर सारवणं, रोटाची दळणं, मग गणपती, मग कापूस वेचणीला लागल्या त्या सरळ दिवाळीपर्यंत, पहाटे जायचं आणि अंधार पडल्यावर यायचं. एकीचा मोबाइलच मुलगा पुण्याला घेऊन गेला होता. एक बाळंतपणाला माहेरी. कोणालाच शिकायचं नव्हतं असं नव्हतं. कूपन दिलं असतं तर मला एवढंच दिसलं असतं की ४० मधून ३१ आल्या, उरलेल्या कोण आणि का, ते कधीच समजलं नसतं.

आणि इथेच त्या ॲपने सगळ्यात वाईट केलं. नोव्हेंबरच्या शेवटी त्या बायकांनी कोर्स उघडला तर स्क्रीनवर काय, तुमचा कोर्स आठ महिने शिल्लक. वर्ष कोड बनवल्या तारखेपासून मोजलेलं! बाईने उघडला त्या दिवसापासून नाही. म्हणजे ज्या बाया कापूस वेचत होत्या त्यांचे जवळपास चार महिने न बघताच कापले गेले. सेटिंगमध्ये दोन तारखा असतात हे मला नंतर कळलं, एक कोड किती दिवसांत वापरायचा ती आणि दुसरी वापरल्यावर कोर्स किती दिवस चालायचा ती, आणि ॲपमध्ये आधीपासून भरलेलं असतं की दोन्ही मोजणी एकाच दिवशी सुरू. सपोर्टला तीन वेळा ईमेल केला, अकरा दिवसांनी उत्तर आलं की एकेका विद्यार्थिनीची मुदत हाताने वाढवा. मी वाढवली, नऊ जणींची, एकेक करून. पण नऊशे असत्या तर काय केलं असतं?

आता तिसरा प्रयोग चालू आहे. फुले मार्केटमधल्या एका टेलरिंग मटेरियलच्या दुकानदार भाऊंना २० कोडची कार्डं छापून दिली, प्रत्येकी १००० रुपयांप्रमाणे त्यांनी रोख घेतली, ते आरीचा अड्डा, सुया, कटदाना, मोती असा सेट घेणाऱ्या गिऱ्हाइकाला कार्ड १३०० ला देतात. त्यांचा नफा त्यांचा, मला गेटवे नाही, कमिशनचा हिशोब नाही. हे कूपनने झालंच नसतं, कारण कूपन दिलं असतं तर बाईने दुकानात बघून घरी जाऊन माझ्याकडूनच घेतलं असतं आणि भाऊंच्या हाती काही लागलं नसतं. दोन महिन्यांत १४ कार्डं गेली. एक कार्ड भिजून आकडे पुसले गेले तर मी तेवढा एक कोड रद्द करून दुसरा दिला, बाकीच्यांना काही फरक पडला नाही.

उलट एकटी-दुकटी बाई थेट माझ्याकडून घेत असेल तर तिला कोड द्यायच्या भानगडीत पडू नका. मी पंधरा दिवस करून बघितलं, यूपीआयचा स्क्रीनशॉट मागवायचा, खात्यात पैसे आले का बघायचं, मग कोड पाठवायचा, रात्री साडेअकराला फोन, ताई पैसे पाठवले कोड पाठवा. एकीने दुसरीचाच स्क्रीनशॉट पाठवला आणि मी घाईत कोड देऊनही बसले. त्यांच्यासाठी कूपनची लिंकच बरी, मशीन आपलं काम करतं आणि आपण झोपू शकतो.

माझे गुण, पाचपैकी. कूपनची सोय ४, एक गुण त्या रिकाम्या रकान्यासाठी कापला. ॲक्सेस कोडची सोय ३, अर्धा गुण ओ आणि शून्याच्या घोळाचा, दीड गुण त्या तारखेचा. सपोर्टला २, फोन उचलतात पण सल्ला चुकीचा देतात, त्या माणसाने मला कोड आहेत एवढं जरी सांगितलं असतं तरी ते २७१४ रुपये वाचले असते.

प्लॅन पुढच्या महिन्यात संपतोय. तारखेची सेटिंग बदला म्हणून लेखी कळवलंय, अजून बदललेली नाही. तरी तूर्त इथेच राहतेय कारण ३०० वर विद्यार्थिनी इथे आहेत आणि त्यांना परत नवीन ॲप उतरवायला लावणं मला पटत नाही. चोपड्याच्या एका गटाशी ६० कोडचं बोलणं चालू आहे. त्यांना सांगितलंय, कापूस निघू द्या, मग कार्डं छापू.